क्रमांक सतराचा श्वास

५ मे, सोमवार

फुंकणी आली!

खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. पण आज थळला पहिल्याच आजोबांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, "ही तर चुलीची फुंकणीच हाय गो, नुसती महाग." झालं! आता आमच्या तोंडी तेच नाव बसलं. मुठीएवढं यंत्र, पुढे कागदी नळी. श्वास भरायचा, पंधरा मोजेपर्यंत रोखायचा आणि सावकाश फुंकायचा. बिडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड श्वासात किती उरलाय, तो आकडा दिसतो. सहाच्या खाली असेल तर माणूस ओढत नाही. दहाच्या वर गेला तर ओढतो. "माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही," असं आमचे मार्गदर्शक कुलदीप सर म्हणाले. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं.

डब्यात बारीक अक्षरांची एक पुस्तिकाही होती. वर्गातला हर्षद म्हणाला, "तेजस्वी, वाचून घे एकदा." मी चार पानं वाचली. पुढची साफसफाई आणि बॅटरीची दिसली, तेव्हा मिटून डब्यात ठेवली. दातांचं कॉलेज तीन वर्षं केल्यावर फुंकायचं कसं हे काही मला कोणी शिकवायला नको.

काम असं — किहीम, थळ, नागाव मिळून चाळीस माणसं. त्यांना बिडी-सिगारेट सोडायला मदत करायची, दर सोमवारी श्वास मोजायचा, तोंड तपासायचं. म्हणजे तोंडाचा कॅन्सर व्हायच्या आधीच त्याची वाट अडवायची. दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन शिष्यवृत्ती आहे. मला आणि हर्षदला धरून बारा जणांना मिळाली. त्यातल्या दोघांना पुढे वर्षभर मुंबईच्या संशोधन केंद्रात घेणार.

मला ती जागा हवी आहे. इथे लिहायला कोणाची भीती? हवी आहे, आणि हर्षदच्या आधी हवी आहे.


७ मे, बुधवार

रामजीकाकांना क्रमांक सतरा दिला.

काका आमच्याच बौद्धवाडीतले, बाबांचे बालमित्र. मला सायकल त्यांनी शिकवली. गुडघा फुटला तेव्हा खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं, तेही त्यांनीच. बाबा तेव्हा शाळेत परीक्षेच्या कामात होते. आता किहीमला एका मुंबईच्या शेठचा बंगला सांभाळतात. बाग, पाण्याची मोटर, पाहुण्यांच्या खोल्या — सगळं काकांच्या अंगावर. बंगल्याच्या मागे एक खोली दिलीय, हंगामात तिथेच झोपतात. चंदाकाकू इकडे वाडीत. आठवड्याला एकदा काका घरी येतात.

फुंकणीवर आकडा आला सोळा. रोजच्या पंधरा-वीस बिड्या, म्हणजे ठीकच. पण तोंड उघडायला लावलं आणि माझा हात थांबला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, बोटाच्या पेरापेक्षा मोठा. पुसून जात नाही. याचं पुढे काय होऊ शकतं ते मी पुस्तकात वाचलंय, रंगीत चित्रांसकट. काकांच्या गालात पाहायचं म्हणजे वेगळंच काहीतरी.

"काय दिसला?" काका म्हणाले.

मी खरं सांगितलं. अजून कॅन्सर नाही. बिडी चालू राहिली तर होऊ शकतो, सोडली तर चट्टा जाऊही शकतो.

काकांनी गाल चाचपला. मग म्हणाले, "मंग सोडतो. पन माझ्या पद्धतीनं सोडीन."


१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. काकांची पद्धत आज कळली.

विहारात वंदना झाली, पंचशील झालं आणि लोक खिरीसाठी उठायला लागले. तेवढ्यात काका पुढे गेले. खिशातनं बिड्यांचं बंडल आणि माचीस काढून मूर्तीसमोरच्या पायरीवर ठेवली. म्हणाले, "पाचवं शील मी पन्नास वर्षं तोंडानं म्हनतोय. दारू न्हाय पीत म्हनून मला वाटायचं मी पाळतोय. बिडी पन नशाच हाय. आजपासून बंद. समद्यांच्या समोर सांगतो."

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. चंदाकाकू पदराने डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले. पाठोपाठ आणखी तिघांनी बंडलं ठेवली. सदाभाऊंनी तर नुकतं फोडलेलं ठेवलं आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

तिथल्या तिथे मला सुचलं. विहाराच्या पडवीत फळा आहे. दर आठवड्याला चौघांचे आकडे त्याच्यावर लिहायचे! नावं नाहीत, नुसते क्रमांक. आकडा उतरताना वाडी बघेल, तर माणसाला बळ येईल. सर फोनवर म्हणाले, "गोपनीयता सांभाळ." सांभाळली की. क्रमांकच आहेत.

सतरा म्हणजे कोण हे वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे, ही गोष्ट वेगळी.


१४ मे, बुधवार

काकांचा फोन. "बिडी न्हाय, पन हात कुठं ठेवू ते सांग."


१९ मे, सोमवार

तीन!!

सकाळी आठला किहीमला गेले. काकांनी अंगणात उभ्याने फुंकलं. सोळाचे तीन. मी नाचायचीच बाकी होते. काका सारखे आकडा बघत होते, जणू दहावीचा निकाल लागलाय. तोंडही तपासलं. चट्टा आहे तेवढाच, पण सात दिवसांत तो कुठे जाणार.

बंगला भरलेला आहे. शेठची सून आणि मुलं सुट्टीभर इथेच राहणार, शिवाय शनिवार-रविवारचे पाहुणे. नातीने चार लव्हबर्ड आणलेत. पिंजरा मागे अडगळीच्या खोलीच्या दाराशी टांगलाय, काकांच्या खोलीला अगदी लागून. काका त्यांना राळे घालत होते. "हे चार आनी मी पाचवा, आमी मागच्या बाजूला ऱ्हातो," म्हणाले.

फळ्यावर तीन लिहिताना आख्खी वाडी गोळा झाली. सदाभाऊंचा आकडा अकरा. ते गुपचूप मागच्या दाराने गेले.


२२ मे, गुरुवार

वारा सुटलाय. काल संध्याकाळपासून वीज जातेय-येतेय. अलिबागपासून सगळीकडे तारांवर नारळाच्या झावळ्या पडतायत.

काकांकडे निकोटिनचा च्युइंगम द्यायला गेले होते. कामात होते. शेठच्या सुनेने तक्रार केली म्हणे की अंगणातल्या जनरेटरच्या आवाजाने मुलं झोपत नाहीत, आणि तो भिजायलाही नको. म्हणून चौघांनी मिळून तो उचलून अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवला. दार लावलं की पुढे अजिबात ऐकू येत नाही. काका घामाघूम. "आता माझ्याच उशाला घरघरनार," म्हणाले आणि हसले.

च्युइंगम त्यांना आवडत नाही. "रबर चघळल्यावानी."


२४ मे, शनिवार

आज एक गोष्ट झाली. कोणाला सांगितलेली नाही.

नागावहून येताना रिक्षाने खड्डा घेतला आणि मांडीवरची फुंकणी रस्त्यावर पडली. कोपऱ्याचा टवका उडालाय. चालू होते. मी स्वतः फुंकून पाहिलं, शून्य आलं. म्हणजे बरी असावी. सर विचारतील तर सांगेन. विचारणार नाहीत बहुतेक.


२६ मे, सोमवार

काकांचा आकडा एकवीस.

तीनदा घेतला. एकवीस, वीस, एकवीस. बिड्या ओढत होते तेव्हा सोळा होता!

मी काही बोलायच्या आधीच काका म्हणाले, "किती?" सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"न्हाय गो तेजू. मी हात न्हाय लावला."

"काका, रागावत नाहीये मी. एखादी ओढली असेल तर सांगा. होतं असं."

"एक पन न्हाय."

डोळे तांबारलेले, कपाळावर हात. विचारलं तर म्हणाले, डोकं लय दुखतं, सकाळी उठवतच नाही, दोनदा उलटीसारखं झालं. मी वहीतली यादी काढली. डोकेदुखी, मळमळ, चिडचिड, गळाठा — बिडी सुटताना होणारा त्रास, सगळा जसाच्या तसा. या त्रासाने हबकून पुन्हा सुरू केली असणार, हे आरशासारखं स्पष्ट होतं.

थळ आणि नागावचे बाकीचे आकडे चांगले. एकटे काकाच.


२७ मे, मंगळवार

सरांशी बोलले. म्हणाले, लपून ओढणारा घाईघाईने खोल झुरके घेतो, म्हणून आकडा आधीपेक्षा वर जातो. "भावनेत अडकू नकोस. तुझे काका आहेत म्हणून आकडा बदलत नाही." बरोबर आहे. लाल शाईतलं वाक्य पुन्हा वाचलं.

फळ्यावर एकवीस लिहावं की नाही? नाही लिहिला तर मी पक्षपाती. लिहिला.


२ जून, सोमवार

सत्तावीस.

आज मी चिडले. रात्री कुठे ओढता, विचारलं. पाहुण्यांकडून सिगारेटी घेता का, विचारलं. काका खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. आत एक खाट, एक खिडकी, आणि वर छताजवळ अडगळीच्या खोलीत उघडणारी सिमेंटची जाळी. मी त्यांच्या गादीखाली बघितलं! काकांच्या देखत. सायकल शिकवणाऱ्या माणसाची गादी उचलून बिड्या शोधल्या. सापडल्या नाहीत. मला वाटलं, हुशार आहेत.

"शेठच्या नातीचे पक्षी मेले," ते मधेच म्हणाले. "चारी. एकामागनं एक. काल शेवटचा गेला."

"काका, विषय बदलू नका."

त्यावर जे माझ्याकडे बघितलं त्यांनी! मी दुसरीकडे पाहायला लागले.

तोंड तपासलं, नियमाप्रमाणे. आणि इथे मात्र मला कळेना. चट्टा निम्म्याहून कमी झालाय. कडा विरघळल्यासारख्या. ओढणाऱ्याच्या तोंडात असं होत नाही. उजेड कमी होता, मापात चूक झाली असेल. तक्त्यात 'किंचित सुधारणा' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

आकड्याला प्रश्नचिन्ह टाकलं नाही.


३ जून, मंगळवार

फळ्यावरच्या सत्तावीसखाली रात्रीतून कोणीतरी खडूने बिडी काढून ठेवलीय. धुरासकट.


४ जून, बुधवार

चंदाकाकू घरी आल्या. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"तेजू, त्यानं विहारात शब्द दिला. चाळीस वर्षांत त्या मानसानं माझ्याशी खोटं न्हाय केलं. आनी तुजी ती फुंकनी सांगते का तो खोटारडा हाय?"

मी यंत्र समजावून सांगितलं. धूर, वायू, रक्त, आकडा. काकू ऐकत होत्या. शिकलेल्या मुलीचं ऐकायचं ही त्यांची सवय आहे. शेवटी आवाज उतरला. "मंग त्यानं मला बी फशिवलं," म्हणाल्या.

बाबा जेवताना म्हणाले, "रामजी खोटं बोलणार नाही." मी म्हटलं, "बाबा, पुरावा आहे." बाबांनी आमटी वाढून घेतली.

सगळा पुरावा माझ्या बाजूचा असूनही मला बरं वाटत नाहीये. काही तरी चुकतंय, पण काय ते हाताला लागत नाही.


५ जून, गुरुवार

हर्षदचे आठ जण सुटले. माझे सहा. काका धरले असते तर सात.

सर म्हणतात, सतरा 'अयशस्वी' म्हणून नोंदव आणि पुढे चल. नोंदवलं.


८ जून, रविवार

काका गुरुवारपासून वाडीत आहेत. भाचीचं लग्न होतं. आज सकाळी मी मुद्दाम फुंकणी घेऊन गेले. म्हणाले, "नको. त्याच्यात माझं काय खरं ठरनार हाय." काकूंनी हाताला धरून फुंकायला लावलं.

दोन.

चेहरा पण कसा टवटवीत. डोकं दुखत नाही म्हणाले, गुरुवारपासून एकदाही नाही. लग्नात नाचलेसुद्धा!

म्हणजे इथे काकूंच्या डोळ्यांपुढे ओढत नाहीत. किहीमला गेले की ओढतात. आता तर शंकाच उरली नाही. काकूंना बाजूला घेऊन मीच म्हटलं, "काकू, तुम्हीच जाऊन राहा त्यांच्याजवळ. पंधरा दिवस. तुम्ही असलात की त्यांची हिंमत होणार नाही."

काकूंना पटलं. पिशवी भरायला घेतली.

हे मला आधी का सुचलं नाही!


९ जून, सोमवार

कॉलेजात तोंडी परीक्षा. मोजमाप गुरुवारी. काका-काकू दोघं किहीमला गेले. पाठीमागे एक खाट आणि खाली चटई — काकूंनी फोनवर सांगितलं.


१२ जून, गुरुवार

देवा! — नाही, आमच्यात देव नाही, पण आज दुसरा शब्द सुचत नाही.

काकांचा आकडा एकोणतीस. मी वही मिटली, काही बोलणार होते. तेवढ्यात काकू पुढे आल्या. डोक्याला फडकं. "तीन रात्री मी जागी ऱ्हायले, दाराला पाठ लावून. हा मानूस भाईर गेला न्हाय. बिडीचा वास न्हाय, जनरेटरचाच काय तो वास. आता मला बघू दे तुजी फुंकनी." आणि माझ्या हातातून ओढून घेऊन, नळीसुद्धा न बदलता, दम लागेपर्यंत फुंकलं.

सव्वीस.

चंदाकाकू! ज्यांनी जन्मात बिडी सोडा, मशेरीसुद्धा लावली नाही!

मी आधी बघतच राहिले. मग हसू फुटलं, आणि त्याच्यातच रडू. यंत्र बिघडलंय! चोवीस तारखेला रिक्षातून पडलं आणि सव्वीसला काकांचा पहिला चुकीचा आकडा आला. दोन दिवसांच्या अंतराने! इतकं सरळ होतं, आणि मी कोणाला सांगितलं नाही म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. काकांच्या पायाशी बसले. रिक्षाचं सांगितलं. गादीचं बोलून माफी मागितली.

काकांनी डोक्यावर हात ठेवला. "पोर हायस," म्हणाले. "मला काय, फक्त फळ्यावरचा पुसून टाक."

काकूंना म्हटलं, आता घरी चला, पहारा संपला. त्या म्हणाल्या, "आता ऱ्हाते की चार दिस. शाळा उघडायच्या आदी शेठची मोठी पार्टी हाय रविवारी. याला एकट्याला झेपनार न्हाय, अंगात ताकदच न्हाय ऱ्हायली."


१३ जून, शुक्रवार

सकाळी विहारात जाऊन फळा पुसला. सत्तावीस, एकवीस, ती बिडी, सगळं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'क्रमांक १७ — यंत्राची चूक होती.' सदाभाऊंनी वाचलं आणि मान हलवली. दुपारपर्यंत वाडीभर झालं. बाबांनी जेवताना माझ्या ताटात माशाची एक जास्तीची तुकडी वाढली.

सरांना सगळं कबूल केलं. रागावले. जायचीच ती जागा आता, बहुधा. जाऊ दे. आज मला तिचं काही वाटत नाही, हे लिहिताना मलाच नवल वाटतंय. यंत्र कुरिअरने मुंबईला दुरुस्तीच्या माणसाकडे पाठवलं. सोबत काका-काकूंचे आकडे आणि माझा नंबर लिहून दिला, तपासून तातडीने कळवा म्हणून.

फक्त हर्षद म्हणाला, "पडल्यामुळे बिघडलं, तर मग थळ-नागावचे आकडे बरोबर कसे आले? लग्नाच्या वेळी काकांचे दोन कसे आले?"

मी म्हटलं, कधी बिघडतं, कधी चालतं. त्याला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.


१४ जून, शनिवार

संध्याकाळपासून अनोळखी नंबरवरून तीन फोन. विमावाले असणार. उचलला नाही. बऱ्याच दिवसांनी निवांत झोपणार आहे.


१५ जून, रविवार

दुपारपासून वीज नाही. वारा भयंकर, पाऊसही आडवा. मागच्या परसातला शेवगा पडला.

संध्याकाळी काकांचा फोन आला होता. पार्टीला तीस माणसं आलीत, जनरेटर चालू आहे, लोक उशिरापर्यंत थांबतील. आवाज दमलेला, पण खुशीत. "खिडकीतनं पानी येतं म्हनून तुज्या काकूनं फळी ठोकली," म्हणाले. मग म्हणाले, "आज चौतीस दिस झाले गो, तेजू. मोजतोय मी."

मी म्हटलं, उद्या येते, तोंड बघायला. चट्टा गेलेला असणार.

"ये," म्हणाले.


१७ जून, मंगळवार

काकांना काल दुपारी विहारावरून स्मशानात नेलं. काकू दवाखान्यात आहेत, शुद्धीवर आल्यात. त्या दाराच्या फटीजवळ खाली झोपल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्यांना अजून काकांचं सांगितलेलं नाही. मलाच सांगायचं आहे.

रविवारी जनरेटर पहाटेपर्यंत चालला. त्याचा धूर, त्यातला तोच कार्बन मोनॉक्साइड, जाळीतून त्या खोलीत यायचा, बावीस मेपासून, जेव्हा जेव्हा वीज जायची तेव्हा.

ते तीन फोन मुंबईहून होते. उचलला नाही म्हणून त्या माणसाने मेलही टाकला होता, शनिवारी सहा वाजून दहा मिनिटांनी. 'यंत्रात दोष नाही. न ओढणाऱ्या दोघांचे आकडे असे असतील तर ते झोपतात त्या खोलीत आजपासून कोणालाही झोपू देऊ नका.' हर्षदने डब्यातली पुस्तिका काढून पुढे धरली. पान अकरा. तेच छापलंय.

तक्ता आज द्यायचा आहे. क्रमांक सतरासमोरचं 'अयशस्वी' खोडलं. बिडी सोडल्याची तारीख, बारा मे. त्यानंतर पुन्हा ओढली का, या रकान्यात 'नाही' लिहिलं.